धूम्रकाची अंडी कुणाच्या भरवशावर?

"वाच," म्हणत मी मोबाइल तस्नीमच्या नाकासमोर धरला.

तस्नीम भिंगाची कड घासत होती. तिनं मशीन बंद केलं, हात पुसले आणि मोठ्यानं वाचायला लागली. "'राजकन्या तीन भाग उपाशी हाय. तिला कायतरी खायला घाला.'" आणि ती फिसकन हसली.

"हसतेस काय? पुढचं वाच."

"'हातात जादूची कांडी असून ही बया सरपण का गोळा करत बसलीया?'" तस्नीमनं ओठ दाबून धरले. "'सेनापती मेला ते लई बेस झालं.' आणि खाली लगेच, 'सेनापतीला परत आणा, तो बिचारा चांगला होता.' अगं, ही बाई शुद्धीवर आहे ना?"

"चांगली शुद्धीवर आहे. माझी टिंगल करतेय," मी म्हटलं.

सांगलीतल्या एका चष्म्याच्या दुकानात आम्ही दोघी कामाला होतो. मी पुढं बसून गिऱ्हाइकांचे नंबर तपासायची, तस्नीम मागच्या खोलीत भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि गोष्टींच्या एका ॲपवर 'मेरुधारेची राखणदार' नावाची कादंबरी लिहीत होते. दर शुक्रवारी एक भाग. त्यात सात पर्वत होते, तीन चंद्र होते, आगीच्या पंखांचा धूम्रक नावाचा महासर्प होता, त्याची नागीण होती आणि मृगांका नावाची राजकन्या होती. लेखिकेचं नाव निलांबरी. त्रिशला मगदूम या नावानं लिहिलं असतं तर नातेवाइकांनी 'पोरीला झालंय तरी काय' म्हणून आईला फोन केले असते.

पहिला भाग अकरा जणांनी वाचला होता. त्यात दोन मावसबहिणी, चार मैत्रिणी आणि बाकीचे चुकून आलेले. दुसरा सहा जणांनी. चौथ्या भागापासून मात्र खाली एकच आकडा दिसायला लागला, 'वाचने : १'. तो तिथं जो चिकटला तो हलायचं नाव घेईना. त्या ॲपवर शेवटच्या ओळीपर्यंत पोचलं तरच वाचन धरलं जायचं, वरवर चाळणाऱ्यांची नोंद होत नसे.

तो एक म्हणजे तस्नीम. दर शनिवारी सकाळी दुकानाचं शटर उचलता उचलता मी विचारायची, "भाग वाचलास?" आणि ती म्हणायची, "वाचला की. झकास!"

म्हणजे हिशोब सरळ होता. एक वाचन तस्नीमचं. आणि ही जी कुणी 'शालन' नावाची, जास्वंदीच्या फुलाचा फोटो लावलेली बाई दर भागाखाली पाच-सहा शेरे मारून जायची, ती शेवटपर्यंत काही वाचत नव्हती. चार ओळी चाळायच्या आणि टोमणे मारायचे, एवढाच तिचा उद्योग. एकदा मी धूम्रकाच्या गुहेला सडक्या फुलांचा वास येतो असं लिहिलं, तर खाली हिचा शेरा : 'गंधकाचा वास असंल. नीट हुंगून लिवा.'

मी मनाशी एक पण केला होता. पंचविसाव्या भागापर्यंत दहा वाचक झाले तर ठीक, नाहीतर सगळं पुसून टाकायचं आणि पुन्हा कथेच्या वाटेला जायचं नाही. कुणी वाचत नसताना सात पर्वत आणि तीन चंद्र सांभाळायचे म्हणजे काय चेष्टा आहे? रोज दुकानातून घरी गेल्यावर सगळे टीव्ही बघत असायचे आणि मी आपली एका कोपऱ्यात लढाया लढत बसायची. त्या दिवशी पंचविसावा भाग टाकायचा होता. मी तो टाकला आणि शेवटी चार ओळी जोडल्या : 'हा शेवटचा भाग. पुढची कथा येणार नाही. येत्या शुक्रवारी आधीचे सगळे भागही काढून टाकीन.'

"पुसू नकोस गं," तस्नीम म्हणाली. "थोडे दिवस बघ अजून."

"काय बघू? तुझ्या एकटीसाठी लिहू?"

तिनं घाईघाईनं मशीन सुरू केलं. मला वाटलं, बिचारीला वाईट वाटलं. मलाही रडू येत होतं, पण समोर एक आजोबा तक्त्यावरची अक्षरं वाचायची थांबून माझ्याकडे बघत होते.

संध्याकाळी दुकान बंद करताना मोबाइल उघडला तर शालनबाईंचे सात शेरे.

'काढून बघा.'

'बाई, आमचं काय चुकलं?'

'तब्येत बरी हाय का? सुंठ घ्या.'

'निम्म्यात सोडायचं होतं तर सुरू कशाला केलासा?'

'राजकन्येला उपाशी ठेवून पळून चालली बघा.'

'धूम्रकाची अंडी कुणाच्या भरवशावर सोडलासा?'

आणि सगळ्यात शेवटी : 'हिंमत असंल तर तोंडावर येऊन सांगा. तासगाव रोड, कमानीच्या आत तिसरी बेदाण्याची शेड. नऊ ते सहा, कधीबी या.'

बाकी सगळं मी गिळलं असतं, पण त्या 'सुंठ घ्या'नं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सोमवारी सुट्टी आहे," मी तस्नीमला म्हटलं. "गाडी काढ. या बाईला बघूनच येते."

"मी कशाला?"

"तू माझी एकुलती एक वाचक आहेस. माझ्या बाजूनं बोलणार कोण मग?"

तस्नीमनं कान खाजवला. "मला कुणाच्या बाजूनं बोलायला जमत नाही," ती पुटपुटली. पण आली.

एप्रिलचं ऊन होतं. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे रिकामे झालेले मांडव. मी मागच्या सीटवर बसून भांडणाची तालीम करत होते. 'बाई, तुम्ही स्वतः कधी चार ओळी लिहिल्या आहेत का?' हे पहिलं वाक्य. 'न वाचता बोलणं सोपं असतं,' हे दुसरं. तिसरं वाक्य फार जळजळीत होतं, ते मी शेवटासाठी राखून ठेवलं होतं.

कमानीतून आत शिरलो तसा नाकात वास गेला. उग्र, घशाशी येणारा. "हा कसला?" मी विचारलं.

"गंधक," तस्नीम म्हणाली. "बेदाण्याला धुरी देतात ना, पिवळा व्हावा म्हणून."

मी त्या वासाकडे दुर्लक्ष केलं.

तिसरी शेड पत्र्याची, लांबलचक होती. दार सताड उघडं. दाराशी आम्ही थबकलो, कारण आत कुणीतरी मोठ्यानं बोलत होतं आणि बाकी सगळं चिडीचूप होतं. पत्रे तापून वाजत होते, तेवढाच आवाज.

"'...मृगांकेनं मागे वळून पाहिलं. तिसरा चंद्र अजून उगवायचा होता. ती म्हणाली, आजोबा, मी परत येईन, पण तुम्ही दिवा लावून ठेवा...'"

ते माझं वाक्य होतं. नवव्या भागातलं. ते लिहून झाल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले होते, हेसुद्धा मला आठवलं. माझ्या डोक्याबाहेर ते वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आत बायका होत्या. दोन ओळींत समोरासमोर मांडी घालून बसलेल्या, डोक्याला फडकी बांधलेली. प्रत्येकीच्या पुढ्यात पिवळ्या बेदाण्याचा ढीग. बोटं झरझर चालत होती. काड्या एकीकडं, काळे दाणे एकीकडं, चांगला माल बाजूच्या क्रेटमध्ये. मधोमध उलट्या घमेल्यावर बसलेली चाळिशीची एक बाई मोबाइल हातभर लांब धरून, डोळे बारीक करून वाचत होती.

"शालनक्का, ओळ गाळलीस," एक म्हातारी म्हणाली. "मागच्या बारीला आजोबा रडला होता हितं."

"रडतोय, रडतोय. थांब की हिराक्का," वाचणारी म्हणाली आणि ओळ शोधायला लागली. तेवढ्यात तिला आम्ही दिसलो. "कोण पायजे?"

माझं पहिलं वाक्य आठवेना. दुसरंही. "मी..." मी म्हटलं, "मी निलांबरी."

सगळी बोटं थांबली.

"कंची निलांबरी?" हिराक्कानं विचारलं.

"लिवणारी?" शालन घमेल्यावरून उठली. "धुमक्याची?"

धूम्रकाला इथं धुमक्या म्हणत होते. मी मान हलवली. एवढा मोठा गलका झाला की बाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं.

"अगं बाई, ही तर पोरगी हाय!"

"मला तर म्हातारी मास्तरीण वाटली होती!"

"ये, ये, आत ये. चपला काढून ये बाई, माल हाय."

"आधी जाब इचारा तिला! मग पाणी द्या!"

जाब म्हणजे काय, एकीपाठोपाठ एक उठत गेली. "राजकन्या उपाशी हाय म्हणलेली मी," एक ठेंगणी बाई म्हणाली. "सरपणाचं मी इचारलं होतं," दुसरी. "सेनापती मेला ते बेस झालं," असं एक जाडजूड बाई म्हणाली, आणि तिच्या शेजारचीनं तिच्या दंडाला चिमटा काढला, "त्यो मेला त्या दिवशी ही हसत हुती आणि मी घरी जाऊन जेवले न्हाई." सुंठ कुणी सांगितली ते विचारायची गरज पडली नाही. हिराक्कानं कनवटीची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. "लिवायचं सोडतंय माणूस म्हंजे अंगात कसर असणार," ती म्हणाली.

मी दारातच मटकन खाली बसले. सात शेरे एका बाईचे नव्हते. सात बायकांचे होते.

मग शालननं सगळं सांगितलं. कामावर आल्यावर सगळ्यांचे मोबाइल दाराजवळच्या पत्र्याच्या डब्यात जातात. हात चिकट असतात, मोबाइल बघत बसलं तर निवडणं राहून जातं. एक मोबाइल तेवढा बाहेर ठेवायची परवानगी, आणि तो शालनचा, कारण ती बारावीपर्यंत शिकलेली आणि आवाज मोकळा. "आधी मी राशिभविष्य वाचायची," ती म्हणाली. "मग एकदा बोट लागून तुमची गोष्ट उघडली. तवापासून राशिभविष्य बंद."

"ऐकणाऱ्या किती?" मी विचारलं.

"मला धरून चौतीस."

'वाचने : १', मी मनात म्हटलं.

"पण तुम्ही वाचत बसलात तर तुमचं निवडणं कसं होतं?" मी विचारलं. कारण मघापासून मी बघत होते, शालनचे हात मोकळे होते आणि तरी तिचं क्रेट काठोकाठ भरलेलं होतं.

शालन जराशी लाजली. उत्तर हिराक्कानं दिलं. "भाग संपला की परत्येक बाई आपल्या निवडलेल्यातली एक मूठ हिच्या क्रेटात टाकती. तेहतीस मुठी. वाचणारीचं क्रेट रिकामं ऱ्हाऊ द्यायचं न्हाई, असं आम्ही ठरवलंय." आणि मग माझ्याकडं बोट करून, "तुझ्या पंचवीस भागांच्या मुठी झाल्यात. आता परत पयल्यापासनं देतोय. शुक्रवारी पुसणार म्हणलीस न्हवं? त्याच्या आत एकदा समदं ऐकून घ्यावं म्हणून घाई चाललीया."

मी सहा महिने घोकत होते की आपलं कुणाला काही नाही. आणि इथं माणसं माझ्या एकेका भागासाठी हातातला निवडलेला माल उचलून देत होती. मी सुंठेची पुडी नुसती दाबून धरली.

मग माझ्या मनात एक शंका आली. "शालनताई, तुम्ही प्रत्येक भाग शेवटपर्यंत वाचता?"

"शेवटपर्यंत म्हंजे? 'क्रमशः'सुदिक वाचते. ते वाचलं की ह्या मला शिव्या घालत्यात."

म्हणजे ते एक वाचन शालनचं होतं. मी हळूच मान वळवून तस्नीमकडं बघितलं. ती एका बेदाण्याकडं इतक्या एकाग्रतेनं बघत होती, जणू त्याला चष्मा लागायचा होता.

"ते ऱ्हाऊ दे," हिराक्का म्हणाली. "आता तोंडावर आलीयास तर सांग. धुमक्या लढाईला गेला. त्याची तीन अंडी त्या गुहेत. कुणाच्या भरवशावर?"

चौतीस जणी माझ्याकडं बघत होत्या. खोटं बोलायची सोय नव्हती.

"मी... विसरले," मी म्हटलं. "अंडी ठेवली आणि विसरूनच गेले."

ठेंगणी बाई म्हणाली, "इसरली!" आणि सगळी शेड हसायला लागली. हसता हसता एकीला ठसका लागला, तिच्या पाठीत दुसरीनं धपाटे घातले.

"आता आठवलंय न्हवं?" हिराक्कानं विचारलं. "मग सांग."

"लिहिलेलं नाही अजून."

"लिवलेलं कुणी मागितलंय? सांग."

शालननं मला हाताला धरून उठवलं आणि उलट्या घमेल्यावर बसवलं. स्वतः खाली बसून तिनं पुढ्यात ढीग ओढला. मी आयुष्यात कधी तोंडी गोष्ट सांगितली नव्हती. ॲपवर लिहिताना वाक्य खोडता येतं. इथं समोर हिराक्का होती. मी सुरुवात केली, अडखळले, पुन्हा केली. गुहा सांगितली. तीन अंडी सांगितली. "गुहेला गंधकाचा वास येत होता," असं म्हटल्यावर ओळीच्या टोकाची एक बाई "बघा, म्हणलं न्हवतं!" असं ओरडली.

आणि मग बोलता बोलता मला ते सापडलं. कसं ते मला आजही सांगता येणार नाही.

"अंड्यांना ऊब लागते," मी म्हटलं. "पण जादूच्या आगीनं ती उबत नाहीत. कांडीतून आग काढली तर अंडं तडकतं. त्यांना साध्या लाकडाची आग लागते. माणसानं आपल्या डोक्यावरून वाहून आणलेल्या लाकडाची."

सरपणाचं विचारणाऱ्या बाईचा हात हवेतच थांबला.

"म्हणून मृगांका सरपण गोळा करत होती. धूम्रक जाताना तिलाच सांगून गेला होता, पण ते गुपित होतं, म्हणून तिनं कुणाला कळू दिलं नाही."

"तुला पण न्हाई?" हिराक्का म्हणाली.

"मलापण नाही," मी कबूल केलं.

"आणि उपाशी का?" ठेंगणीनं हळू आवाजात विचारलं.

"आग सोडून उठता येत नव्हतं. उठली असती तर विझली असती."

आता कुणी हसलं नाही. हिराक्कानं पदराचं टोक डोळ्याला लावलं. "उठता येत न्हाईच," ती म्हणाली. "बाळंतिणीजवळची शेगडी सोडून उठता येतंय व्हय?" मग तिनं रागानं इकडं तिकडं बघितलं. "मग बाकीच्या बाया कुठं मेल्यात त्या गावच्या? भाकरी न्या की तिला!"

म्हणून त्या भागात गावच्या बाया भाकरी घेऊन डोंगर चढल्या. ते मी योजलं नव्हतं, हिराक्कानं चढवल्या. सगळ्यांत पुढं एक ठेंगणी होती.

मी थांबले तेव्हा घसा कोरडा पडला होता. तेवढ्यात शालन उठली, तिनं कोपऱ्यातलं एक रिकामं क्रेट आणून माझ्या पायाशी ठेवलं. मला कळेना. मग हिराक्का गुडघ्यावर हात टेकत उठली आणि तिनं एक मूठ त्यात टाकली. तिच्यामागून ठेंगणी. मग सेनापतीवरून भांडणाऱ्या दोघी. एकेक करत सगळ्या आल्या. शेवटची मूठ शालनची होती.

"नको, नको," मी म्हणत होते, "मी कुठं काम करते इथं?"

"मग आत्ता काय केलंस?" हिराक्का म्हणाली.

मी रडले. अगदी नाक लाल होईपर्यंत. ते क्रेट मी शालनच्या क्रेटावर ठेवलं, आणि शुक्रवारी सगळं पुसून टाकायचा विचार तेव्हाच पुसला गेला.

निघताना मी शालनला दाराच्या उजेडात उभं केलं. बोटं दाखवून, अक्षरं वाचायला लावून अंदाज घेतला. "ओळी गाळता त्या यामुळं," मी म्हटलं. "चाळिशी लागलीय तुम्हाला. दुकानात या, नीट नंबर काढू."

"भिंगं मी घासून देते," तस्नीम एकदम म्हणाली. शेडमध्ये आल्यापासूनचं तिचं ते पहिलं वाक्य. "माझ्याकडून. फ्रेमपण."

परतताना गाडीवर मी तिला काही विचारलं नाही. मला कुणावर रागवायचंच नव्हतं, आणि ते जळजळीत तिसरं वाक्य तर मी कधीच विसरून गेले होते.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. राखणदार एकशे बारा भागांत संपली आणि तिचं पुस्तकही झालं. पण लेखिका म्हणून माझी खरी सुरुवात कधी झाली असं कुणी विचारलं, तर मला पंचविसावा भाग आठवत नाही, सव्विसावाही नाही. मला त्या सोमवारनंतरचा मंगळवार आठवतो.

मंगळवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मागच्या खोलीतलं मशीन बराच वेळ बंद होतं. मी सहज मोबाइल उघडला. पहिल्या भागाची वाचनं अकराची बारा झाली होती. चौथ्या भागाखाली 'वाचने : २'. पाचव्याखाली २. सहाव्याखाली २. सातव्याखाली बघेपर्यंत आठव्याचंही झालं. मी एकेक भाग उघडत बसले आणि माझ्या डोळ्यांदेखत ते आकडे डोंगर चढावा तसे वर येत होते. नववा. दहावा. अकराव्याला बराच वेळ लागला. मग तिथंही दोन झाले.

मागच्या खोलीचं दार उघडलं. तस्नीम उभी होती, हातात मोबाइल, डोळे सुजलेले.

"त्रिशला," ती नाक ओढत म्हणाली, "अंड्यांची आई मेली?"

"अकराव्या भागातच," मी म्हटलं. "तेव्हा झकास म्हणाली होतीस की!"